पस्तीस पट्ट्या, आठ सेकंद: तिसरा टप्पा

मेलोट्रॉन म्हणजे टेपवर मुद्रित केलेले सूर वाजवणारं जुनं कीबोर्ड-वाद्य. तसं वाद्य संगणकावर, स्वतः मुद्रित केलेल्या सुरांच्या नमुन्यांतून (सॅम्पल) बांधायचा हा उद्योग. मागच्या टप्प्यात बासरीपाशी थांबलो होतो. ती बासरी आता बाद केली आहे. पस्तीसही सूर स्वच्छ होते, प्रत्येकाचे चार-चार नमुने घेतले होते आणि ते आलटून-पालटून वाजतील अशी सोयही केली होती. वाजवून बघितलं तर ऐकू आली ती नीटनेटकी सॅम्पल केलेली बासरी. मेलोट्रॉन त्यात कुठेच नव्हता. मग मी वरून टेपची खरखर टाकली, थरथर टाकली, वरचे सूर कापले. जुनाट वाटायला लागली, एवढंच. शिळ्या भाकरीला फोडणी द्यावी तसं.

चूक कळायला दीड महिना गेला. मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली टेपची स्वतःची एक पट्टी असते (आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द, ही सोयच). बोट दाबलं की एक गादी टेपला हेडवर (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) टेकवते आणि रबरी रोलर तिला फिरत्या कॅपस्टनवर (टेप ओढणारा दांडा) दाबतो. टेप पुढे सरकते, आवाज येतो. बोट उचललं की स्प्रिंग टेपला मागे खेचून सुरुवातीला आणते. म्हणजे ती पट्टी शंभर वेळा दाबली तरी शंभर वेळा तेच गायन, तोच श्वास, तीच खोट. नमुने आलटून-पालटून वाजवणं हा सॅम्पलिंगमधला सद्गुण, पण या वाद्यात तो सरळ खोटेपणा आहे. तेव्हा ते पहिलं काढलं. दुसरं काढलं ते बोटाच्या जोरावर आवाज लहान-मोठा होणं. एसएफझेड फाइलमध्ये (नमुने कसे वाजायचे ते सांगणारी फाइल) ॲम्प-वेलट्रॅक, म्हणजे त्या जोराचा परिणाम, शून्य केला. खऱ्या यंत्रात आवाज पायाने, पेडलवर सांभाळायचा असतो.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. कल्पना मुळात कॅलिफोर्नियातल्या हॅरी चेंबरलिनची. त्याची यंत्रं बिल फ्रॅन्सन नावाचा विक्रेता १९६२ मध्ये इंग्लंडला घेऊन गेला, बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंनी ती सुधारली आणि १९६३ मध्ये पहिला मेलोट्रॉन निघाला. माझ्या डोळ्यासमोर आहे ते १९७०चं एम-४०० मॉडेल: ३५ पट्ट्या, तीन-अष्टमांश इंच रुंदीची टेप, तिच्यावर ए, बी, सी असे शेजारी शेजारी तीन ट्रॅक, आणि प्रत्येक सूर साधारण आठ सेकंदांचा. पेटीच्या भाषेत सांगायचं तर खालच्या पांढरी पाचपासून वरच्या पांढरी चारपर्यंत.

बासरीऐवजी आता कोरस घेतला. त्यांच्याकडे आठ आवाजांचा कोरस होता, आपल्याकडे भजनी मंडळ आहे. वेंगुर्ल्याच्या आसपास राहून डबलबारीचा (दोन भजनी मंडळांचा सामना) कोरस न वापरणं म्हणजे दारात माड असताना नारळ विकत आणणं.

अडचण तारखेची होती. चतुर्थी जवळ आली की मंडळातलं कुणी हाताला लागत नाही, घरोघरी आरत्या आणि भजनं. त्याआधी सप्ताह. शेवटी आषाढात एक कोरडी दुपार मिळाली आणि देवळाच्या सभामंडपात सहा पुरुष, पाच बायका जमल्या. मध्ये बुवांची पेटी. बुवांनी सूर धरायचा, सगळ्यांनी "आ" लावायचा, मी हात खाली केला की थांबायचं. पुरुषांकडे खालचे १८ सूर, मधल्या काळी एकपासून वरचे १७ बायकांकडे. प्रत्येक सूर तीनदा, म्हणजे १०५ वेळा "आ". चाळिसाव्याच्या आसपास काकींचा धीर सुटला. "नुसता आ आ करून काय व्हतला? एक अभंग तरी म्हणाक दी मरे!" मग एक अभंग झाला, चहा झाला आणि त्यानंतरचे आवाज आधीच्यापेक्षा कितीतरी मोकळे आले. पुढच्या वेळी अभंग आधी.

सगळ्यांत खालचे तीन सूर कुणालाच लागले नाहीत. भजनवाले वरच्या पट्टीत गाणारे, मंद्रात त्यांचं काय काम. ते तीन मी वरचा सूर टेपसारखा हळू फिरवून बनवले. पहिला चालतो, दुसरा थोडा जड वाटतो, तिसरा दशावतारातल्या संकासुरासारखा येतो. ठेवलाय.

घरी येऊन मोजलं तेव्हा कळलं की बुवांची पेटी ठरावीक ४४० हर्ट्झपेक्षा पंचवीसेक सेंटने (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) चढी आहे, त्यामुळे मंडळही चढं. इथे मोह होतो सगळं सॉफ्टवेअरने सरळ करण्याचा. ते केलं नाही. प्रत्येक सूर आख्खा उचलून खाली आणला, पण आठ सेकंदांत गळे जे मागे-पुढे होतात ते तसंच राहू दिलं. तेही सरळ केलं असतं तर इतक्या माणसांचा एकच माणूस झाला असता.

मग टेप. घरात डबलबारीच्या कॅसेटींची आख्खी पेटी होती. उघडली तर निम्म्यांवर पांढरी बुरशी, कापसासारखी. कोकणात चामड्याच्या चपलेला येते ती टेपला का सोडेल? बुरशीवाली कॅसेट चुकूनही डेकमध्ये घालू नका. मी घातली. हेडवर पांढरा लेप बसला, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने काढता काढता संध्याकाळ गेली. डेकचा रबरी बेल्ट तर आधीच वितळून डांबर झाला होता. दुरुस्तीला दिलेला डेक तीन आठवड्यांनी तसाच परत आला, वर कॅबिनेटचा एक स्क्रू गायब. शेवटी बेल्ट मीच बदलला. कोऱ्या कॅसेटी साठ मिनिटांच्या घेतल्या. नव्वदवाल्यांची टेप पातळ असते आणि आपल्याला लांबी नकोच आहे.

आता या टप्प्यातली माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट. जुन्या यांत्रिक डेकचं पॉज बटण नेमकं मेलोट्रॉनच्या पट्टीचं काम करतं. पॉज असताना कॅपस्टन फिरतच असतो, फक्त रबरी रोलर त्याच्यापासून जरासा दूर धरलेला असतो. पॉज सोडला की रोलर टेपला फिरत्या कॅपस्टनवर दाबतो आणि थांबलेली टेप एकदम वेग घेते. त्या क्षणी सूर खालून वर उचलला जातो. अगदी किंचित, पण कानाला कळतो. हा उचल मी बासरीच्या वेळी पिच एन्व्हलपने (सुरुवातीला सूर आपोआप सरकवणारी सॅम्पलरमधली सोय) बनवायला गेलो होतो आणि तो नेहमी कार्टूनसारखा यायचा.

तर पद्धत अशी ठरली. मंडळाचा सूर कॅसेटवर उतरवायचा. टेप "आ"च्या पुरती आत, सुरुवातीच्या श्वासाच्या पुढे आणून पॉजवर उभी करायची. थोडी पुढे गेली तर कॅसेट काढून पेन्सिलीने पाव फेरा मागे. मग एका दमात पॉज सोडायचा आणि संगणकावर आठ सेकंद घ्यायचे. बटण जोरात सोडलं तर "टक्" करून सूर येतो, हळू सोडलं तर मांजर अंग ताणतं तसा येतो. पस्तीस सूर, प्रत्येकाला सहा-सात प्रयत्न. दोन रात्री लागल्या, मध्ये तीनदा लाईट गेली. लूप कुठेही नाही. आठ सेकंद संपले की संपले.

थरथरीबद्दल मात्र मला माझंच मत बदलावं लागलं. आपण बहुतेक जण सॅम्पलरमध्ये प्रत्येक सुराला एक एलएफओ (सूर वर-खाली हलवणारी संथ लहर) लावतो. तो पट्टी दाबल्यावर सुरू होतो, म्हणून तीन सुरांच्या तीन थरथरी तीन दिशांना. पण एम-४०० मध्ये मोटर एक आणि आडवा कॅपस्टनही एकच, सगळ्या पट्ट्यांना मिळून. कॅपस्टन डगमगला तर आख्खी सुरावट एकत्र डगमगणार. टेपवर आधीच मुद्रित झालेली हालचाल प्रत्येक सुराची वेगळी, ती वेगळीच राहते.

म्हणून एलएफओ काढून टाकला आणि रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी जेएसएफएक्स (त्यात चालणारी स्क्रिप्ट) लिहिली, जी पिच बेंड, म्हणजे सूर सरकवण्याचा संदेश, पाठवते. पिच बेंड वाजत असलेल्या सगळ्या सुरांना एकदम लागतो, म्हणजे तोच आपला कॅपस्टन. बेंडचा पल्ला वर-खाली अर्ध्या सुरापुरता ठेवला, म्हणजे पायऱ्या ऐकू येत नाहीत. लहरीचा आकार मनाने काढला नाही. डेकवर ३१५० हर्ट्झचा सरळ सूर मुद्रित करून परत वाजवला आणि तो कसा भटकतो ते पाहून तसा लिहिला. भटकतो म्हणजे फार कमी. आपण सगळेच ही गोष्ट चौपट करून टाकतो.

त्याच जेएसएफएक्समध्ये मोटरचा भार घातला. बऱ्याच पट्ट्या एकदम दाबल्या की जुन्या मोटरवर ताण येऊन सूर खाली बसायचा, ही या यंत्राची जगजाहीर खोड. दाबलेल्या पट्ट्या मोजायच्या आणि पाचवीपासून पुढे प्रत्येकी दोन सेंट खाली. दोन हा आकडा माझ्या कानाचा, तुम्हाला तीन बरे वाटले तर तीन घाला.

अजून न जमलेलं एक आहे. स्प्रिंगने टेप पूर्ण मागे यायच्या आत तीच पट्टी पुन्हा दाबली तर सूर मधूनच सुरू व्हायला हवा. त्यासाठी सोडल्यापासून किती वेळ गेला ते मोजून, सॅम्पल कुठून सुरू करायचं ते एका सीसीने (सॅम्पलरला जाणारा नियंत्रण-संदेश) सांगतो आहे. हा सीसी नोटच्या आधी पोचायला हवा, नंतर पोचला तर तो पुढच्या नोटला लागतो. माझ्याकडे कधी आधी पोचतो, कधी नंतर. कुणी हे सरळ केलं असेल तर सांगा.

गेल्या रविवारी बुवांना पडवीत बसवून कीबोर्ड पुढे ठेवला. त्यांनी सवयीने षड्ज-पंचम धरून ठेवले आणि डोळे मिटले. आठव्या सेकंदाला आवाज तुटला. डोळे उघडून म्हणाले, "पेटीचो भातो फाटलो काय रे, झिला?" समजावून सांगितलं तर हसले आणि पाच मिनिटांत स्वतःच तोडगा काढला. एक बोट उचलायचं तेव्हा दुसरं धरलेलं, असं कोळी-किड्याच्या पायांसारखं सूर बदलत राहायचं, कुठलाच सूर आठ सेकंद पुरा होऊ द्यायचा नाही. मेलोट्रॉन वाजवणारे हेच करत. बुवांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि हो, बायकांच्या वरच्या काळी तीनमध्ये पाचव्या सेकंदाला देवळाची घंटा आहे. त्या दुपारी कुणी दर्शनाला आलं होतं आणि माझ्या लक्षातच आलं नाही. आता ती पट्टी पाच सेकंद धरली की दर वेळी कुणीतरी देवळात येतं. बुवा आणि काकी म्हणतात ठेव. मी त्या सुराचा दुसरा, बिनघंटेचा नमुना ए ट्रॅकवर घेतला आणि घंटेवाला बी ट्रॅकवर टाकला.

सी ट्रॅकसाठी दशावतारातली पायपेटी ठरवली आहे. वाजवणारे दादा तयार आहेत, पण तुळशीचं लग्न झालं की जत्रा लागतात आणि मग ते रोज रात्री नव्या गावात. त्याआधी दोन कोऱ्या कॅसेटी आणि एक कोरडी दुपार हवी. कॅसेटी आणून तांदळाच्या डब्यात ठेवल्या आहेत.