फॉर्मवर रुंदीचा रकानाच नव्हता

‘साइज लहान’ आणि ‘साइज मोठी’. माल परत पाठवण्याच्या फॉर्मवर मापाबद्दल एवढी दोनच कारणं होती. माझ्या सँडलची अडचण या दोन्हींत बसत नव्हती, आणि त्या दोन ओळींपायी माझा अर्धा उन्हाळा गेला. आता सँडल पायात आहे, छान आहे, पण राग अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहून काढतेय.

आधी जुन्या सँडलचं सांगते, कारण तिथूनच सगळं सुरू झालं. ती माझी फार आवडती. जपून वापरायची म्हणून दोन-तीन वर्षं खोक्यात ठेवलेली. ऊन तापायला लागलं तशी काढली, घातली, दहा पावलं चालले आणि मागे बघते तर फरशीवर काळा चुरा. सोल बोटाने दाबला तर भुगा होऊन पडत होता. दुरुस्तीवाल्या काकांनी हातात घेऊन लगेच ओळखलं, पीयूचा सोल. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिक. ते हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातं, आणि बंद खोक्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेली चप्पल न वापरताच संपते. आवडीची चप्पल असेल तर घालत राहा, कपाटात ठेवून काही हाती लागत नाही.

नवी घ्यायची म्हटल्यावर मला काय हवं ते पक्कं ठाऊक होतं. दिवसभर कामावर घालता यावी आणि संध्याकाळी कुठे जायचं असलं तर तीच चालावी. बोटांना हवा लागावी, टाच मागून धरलेली असावी, किंचित उंची असावी आणि दिसायला सुंदर असावी. यातलं शेवटचं मी हट्टाने धरलं होतं. ‘आरामदायी’ म्हणून जे दाखवतात, त्यातलं निम्मं बघून वाटतं की पाय दुखणाऱ्या बाईला नटायची हौसच नसते, असं कुणीतरी परस्पर ठरवून टाकलंय. मला ते मान्य नाही.

निवडायला दोन संध्याकाळी पुरल्या. तांबूस चमकीची, पुढे तिरके दोन पट्टे, मागे बारीक पट्टा आणि बक्कल, खाली बुटका वेज, म्हणजे टाचेपासून पुढपर्यंत सलग उतरत जाणारा सोल. तिरक्या पट्ट्यांमुळे पाऊल लांबसडक दिसतं. तोच पट्टा आडवा आणि रुंद असला की पाऊल मधोमध कापल्यासारखं दिसतं. टाचेची उंची चार सेंटिमीटर लिहिली होती, पण पुढचा सोलही दीड सेंटिमीटर जाड होता, म्हणजे पायाला जाणवणारा उतार अडीचचाच. उंची बघताना ही वजाबाकी जरूर करा. मागची उंची एकटी काहीच सांगत नाही. उतार वाढला की अंगाचा भार चवड्यावर येतो, आणि उन्हाळ्यात सुजलेल्या चवड्याला तो सोसत नाही.

मी ३८ नंबर मागवला. नेहमी तोच घेते.

सँडल आली. टाच बरोबर, अंगठा बरोबर, लांबीला जणू माझ्यासाठीच बेतलेली. पण दोन्ही करंगळ्या सोलच्या कडेवरून बाहेर. करंगळीचं नख जमिनीच्या बाजूला कललेलं, आणि पुढचा पट्टा चवड्याच्या हाडावर नेमका रुतलेला. पंधरा मिनिटं घरात फिरले तेवढ्यात तिथे लाल रेघ उमटली. ‘चालून चालून सैल होईल’ हे वाक्य आपण सगळ्याच ऐकत आलोय. चामड्याचा पट्टा होतोही थोडा सैल. सोल मात्र रुंद होत नाही. करंगळी बाहेर असेल तर ती बाहेरच राहणार.

मग तो फॉर्म. ‘लहान’ की ‘मोठी’? मी ‘लहान’वर टिचकी मारली, दुसरं करणार काय! आठ दिवसांनी ३९ आली. पट्टा जेमतेम सुटला, करंगळी अजून कडेवरच, आणि टाचेमागे बोट जाईल एवढी जागा. चालताना पाय पुढे घसरायचा. सोल जिथे वाकायला हवा ती जागा माझ्या बोटांच्या सांध्याच्या पुढे गेलेली, म्हणून प्रत्येक पावलाला सोल आणि पाय यांची ओढाताण. नंबर एकाने वाढवला की नक्की काय वाढतं, हे मी तेव्हा शोधून काढलं. युरोपीय मापात एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, साधारण ६.७ मिलिमीटर, आणि ते सगळं लांबीचं. ज्या साच्यावर चप्पल बेततात तो साचा ३८ ला सुमारे २५.३ सेंटिमीटर लांब, ३९ ला २६. रुंदी वाढते, पण त्या मानाने अगदीच थोडी. म्हणजे चवड्यासाठी नंबर वाढवणाऱ्या बाईच्या वाट्याला मुख्यतः टाचेमागची मोकळी जागा येते.

मी फॉर्म पुन्हा उघडला. आता ‘मोठी’ निवडलं. आठ दिवसांनी खोकं आलं. आत ३८.

हे वाचून कुणी म्हणेल, फोन करायचा ना. केला. संभाषण जवळजवळ शब्दाला शब्द आठवतंय.

“मॅडम, तुम्हाला लहान होतेय की मोठी?”

“लांबीला बरोबर आहे. रुंदीला कमी पडतेय.”

“म्हणजे लहान. ३९ पाठवू?”

“३९ आली होती. ती लांबीला मोठी झाली.”

“मग ३८ पाठवायची का?”

तो मुलगा नम्र होता, त्याचा काही दोष नव्हता. त्याच्यासमोरही तीच दोन बटणं असणार. दोन वेळा वेगवेगळ्या माणसांशी हेच बोलणं झालं. प्रत्येक वेळी मला अधिकाधिक ठामपणे सांगितलं गेलं की माझा नंबर ३८ आहे, आणि तो आहेच! मी कधी नाही म्हटलं? बाजार पायाला एक आकडा देतो. पाय मात्र लांब असतो, रुंद असतो, उंच असतो, आणि दोन पाय सारखे नसतात. एवढी साधी गोष्ट त्या फॉर्ममध्ये कुणालाही घालावीशी वाटली नाही, याचा मला खरोखर संताप आला.

शेवटी पैसे परत मागितले. विनंती नाकारली. कारण, ‘वापराच्या खुणा’. सोबत सोलचा फोटो, त्यावर नखाएवढा एक ओरखडा. ती पंधरा मिनिटं मी फरशीवर चालले होते त्याची खूण. म्हणून आधीच सांगते, मागवलेली चप्पल घालून बघायची तर सतरंजीवर किंवा जाड चादरीवर उभ्या राहा, आणि सोलला कागदी चिकटपट्टी लावा. खोकं, आतला कागद, लोंबणारी चिठ्ठी, काही फेकू नका. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

कोंडी फुटली ती एका कागदाने. एका संध्याकाळी, दिवसभर उभं राहून पाय जड झालेले असताना, मी भिंतीला टाच टेकवून कोऱ्या कागदावर उभी राहिले. दोन्ही पायांवर भार सारखा. पेन्सिल सरळ उभी धरून बहिणीने पावलाभोवती रेघ ओढली. पेन्सिल आत तिरकी गेली की पाऊल लहान निघतं, म्हणून दोनदा काढली. डावा पाय २३८ मिलिमीटर, उजवा २४२. चवड्याच्या सगळ्यात रुंद जागी डावा ९८, उजवा १००. मग त्याच कागदावर सँडल ठेवून तिच्या सोलभोवती रेघ ओढली. रुंदी ९०. दहा मिलिमीटरचा फरक कागदावर नागडा दिसत होता. मोजपट्टी ठेवून फोटो काढला आणि चार ओळी लिहिल्या: लांबी जुळते, रुंदी दहा मिलिमीटरने कमी आहे, तुमच्या तक्त्यात रुंदी दिलेली नाही, पैसे परत करा. ‘साइज’ हा शब्द मुद्दाम एकदाही वापरला नाही.

दोन दिवसांत उत्तर आलं. पैसे परत मिळतील, गैरसोयीबद्दल क्षमस्व, आणि खाली एक वाक्य: ‘हे मॉडेल अरुंद साच्यावर बनवलेले आहे.’ म्हणजे त्यांना माहीत होतं! ते वाक्य आधीच चपलेच्या फोटोखाली लिहिलं असतं तर मी मागवलीच नसती. सुटका झाल्याचा आनंद झाला खरा, पण ते वाक्य अजून डाचतं.

रुंदीला मापं आहेत, हे सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकन पद्धतीत बायकांसाठी ‘बी’ म्हणजे मध्यम आणि ‘डी’ म्हणजे रुंद. ब्रिटिश पद्धतीत ‘डी’ मध्यम, ‘ई’ आणि ‘ईई’ रुंद. एकच अक्षर दोन्हीकडे वेगळा अर्थ सांगतं, म्हणून तक्ता कुठल्या पद्धतीचा ते आधी बघा. मोंडोपॉइंट नावाची पद्धत तर सरळ पायाची लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिते, २४०/९५ अशी. इतकी स्वच्छ पद्धत हाताशी असताना सँडलवर ती मला कुठेच दिसली नाही.

पुढचं झटपट झालं. कागदाची घडी पर्समध्ये टाकून मी संध्याकाळीच दुकानात गेले. सकाळी जाऊ नका. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, दिवसभरात पायात पाणी उतरतं, सकाळी बसलेली सँडल संध्याकाळी चावते. तिथल्या ताईंनी धातूची पट्टी काढली, सरकते काटे असलेली. ब्रॅनॉक नावाच्या अमेरिकन माणसाने १९२० च्या दशकात बनवलेलं ते उपकरण. त्यात लांबी आणि रुंदी तर मोजतातच, पण टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतरही मोजतात. माझा कागद त्यांनी त्याशेजारी ठेवला, आकडे जुळले. मला इतका अभिमान वाटला!

त्यांनी काढलेल्या पाच जोड्यांतून तीन मी न घालताच बाजूला केल्या. कागदावर ठेवून बघितल्या, रेघ बाहेर आली, संपलं. चौथी मागून उघडी होती. तशी सँडल पायात टिकवायला बोटं सतत आवळून धरावी लागतात, तासाभराने पोटऱ्या भरून येतात. पाचवी घेतली. गडद तपकिरी, पुढचे दोन तिरके पट्टे एकमेकांवरून जाणारे, त्यातला एक आतून वेल्क्रोने सैल-घट्ट होणारा. वरून ते कळतही नाही. दुपारनंतर पाय सुजला की मी तो एक बोटभर सोडते. दोन्ही पायांचं माप वेगळं असलं की हा पट्टा फार कामाचा. घेताना मात्र मोठ्या पायाच्याच मापाची घ्या. सँडलमध्ये अंगठ्यापुढे पाच-सहा मिलिमीटर मोकळे असले तरी पुरतात.

वेज कॉर्कचा आहे, हलका. कॉर्कचा वेज टंचाईतून आला, असं वाचलं होतं. १९३० च्या दशकात इटलीत चपलेच्या कमानीखाली घालायचं चांगलं पोलाद मिळेना, तेव्हा साल्वातोरे फेरागामो यांनी टाच आणि तळव्यामधली पोकळीच कॉर्कने भरून काढली. पाय ठेवल्यावर ते पटतं, तळव्याला सगळीकडे आधार लागतो.

एक राहिलंच. खालच्या चिठ्ठीवरची चित्रं बघायला शिका. युरोपात १९९४ पासून ही खूण ठरलेली आहे: ताणलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, जाळी म्हणजे कापड, टोकावर उभा चौकोन म्हणजे इतर काहीही, बहुतेकदा प्लास्टिक. वरचा भाग, अस्तर आणि सोल यांच्या खुणा वेगळ्या असतात. मी अस्तराची खूण बघते. वरून चामडं आणि पायाला लागणाऱ्या बाजूला प्लास्टिक असेल तर घाम मुरत नाही, ओली कातडी जास्त घासली जाते आणि फोड येतात. आणि सँडल दोन्ही हातांत धरून वाकवून बघा. ती चवड्यापाशी वाकली पाहिजे. मधेच कमानीत दुमडली तर सरळ परत ठेवा.

महिना झाला, अजून एकही फोड नाही. काल मैत्रीण आली होती. तिला ही सँडल आवडली, लगेच म्हणाली, माझाही ३८ च आहे, मी हीच घेते. मी तिला कागदावर उभं केलं. लांबी निघाली २४२, माझ्याएवढीच. रुंदी ९०. त्या तांबूस सँडलचा फोटो माझ्याकडे अजून होता. तो मी तिला पाठवला.