कम्युनिटी कॉलेज कोणासाठी?

अमेरिकेत आज चालू असलेल्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांपैकी सर्वांत जुने कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सुरू झाले. अशा बहुतेक कॉलेजांत प्रवेश सर्वांना खुला असल्यामुळे, दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन पुढे विद्यापीठात जाऊ पाहणारा तरुण, वेल्डिंगचे प्रमाणपत्र मिळवणारा कामगार, अर्धवट सुटलेल्या शिक्षणासाठी शालान्त समकक्षता परीक्षेची तयारी करणारी आई आणि इंग्रजी शिकणारे स्थलांतरित एकाच आवारात भेटतात. संध्याकाळचे वर्ग ही मला यातली सर्वांत मोलाची सोय वाटते (सकाळी दहाचा तास नोकरदाराच्या काय कामाचा?). मात्र पुढे विद्यापीठात जायचे असेल, तर ते कॉलेजातले कोणते श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर पदवीसाठी जमा होणारी एकके) स्वीकारते, याची खातरजमा विषय निवडण्यापूर्वीच करावी. श्रेयांकाविना शिकवले जाणारे अभ्यासक्रम सहसा पदवीसाठी धरले जात नाहीत.