पांढरी चारचा पखवाज, पांढरी एकचे गळे

राम कृष्ण हरी मंडळी.

पट्टीचा प्रश्न बराचसा सुटला. आमच्या भजनी मंडळाच्या गळ्यांना जुनी पट्टी (गाण्याचा सूर) झेपत नाही, ती खाली आणायला हवी, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. त्यानंतर सगळ्यांचा एकच सवाल होता: पट्टी खाली आणली तर पखवाजाचं काय करणार? तेव्हा उत्तर नव्हतं. आता मिळालंय, तेही एक पैसा न घालता, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं मंडळ परळच्या गावकऱ्यांच्या खोलीत उभं राहिलं ते पांढरी चारला, म्हणजे पेटीच्या (हार्मोनियमच्या) चौथ्या पांढऱ्या पट्टीला सा धरून. कापड गिरणीत मागावर दिवसभर खडखडाटात बोलणारी माणसं होती, तार षड्जाला (वरच्या सा ला) सहज जायची. आज कोरसमध्ये निम्मे जण बारा तासांची सिक्युरिटीची ड्युटी करून येतात. कोणी बदलापूरहून येतं, कोणी नालासोपाऱ्याहून. दोघांना कंत्राटदाराने ब्रेक दिलाय, ते तर वर्गणीचा विषय निघाला की उठून बाहेर जातात. त्यांची वर्गणी आम्ही बंद केली आहे आणि तो विषय बैठकीत काढायचा नाही असं ठरलंय. अशा थकल्या गळ्यांना पांढरी चार झेपत नाही. काळी दोनलाही गजर चढला की ओरड होते. पांढरी एकला मात्र सगळे मोकळे गातात, आवाज भरून येतो.

पण पखवाज लहान तोंडाचा आहे. काळी दोनपर्यंत कसाबसा उतरतो, त्याखाली शाईचं पान (उजव्या तोंडावरचं चामडं) सैल पडतं. ‘ता’ला आस (घुमत राहणारा नाद) राहत नाही, ‘तिटकतगदिगन’ नुसतं थपथप ऐकू येतं. धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक वाढवून पाहिली. बायांचा घुमार वाढला, पण दायां (उजवं तोंड) तसाच बोदा. मोठ्या तोंडाचा नवा घ्यायचा तर मंडळाकडे तेवढी शिल्लक नाही. एका दुकानदाराने ‘पान संपलंय, नट-बोल्टचा घेऊन टाका’ असं सांगितलं. पान अजिबात संपलेलं नाही, शाई कुठेही उडालेली नाही. नट-बोल्टचा पटकन लागतो हे मान्य, पण मला वादीचाच (चामडी पट्ट्यांनी ताणलेल्याचाच) नाद आवडतो आणि गर्दीच्या लोकलमध्ये तो वजनी ऐवज मांडीवर घेऊन बसणं सोपं नाही. फायबरच्या खोडाबद्दल (पखवाजाच्या पोकळ अंगाबद्दल) विचारूच नका.

वाट दाखवली आबांनी. मंडळात गिरणीत काम केलेले आता तेवढेच उरलेत. तालमीला येतात, भिंतीला टेकून बसतात, झांजेवर बोटं चालू असतात. माझी ठोकाठोक पाहून म्हणाले, “उतरवतोस कशाला त्याला? संपात आपण मध्यमातच वाजवायचो.”

18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. पहिले काही महिने लोक उमेदीत होते, मग एकेक करून गावची वाट धरली. जाणाऱ्यांत तरणे जास्त, म्हणजे मंडळाचे वरचे गळे गेले. खोलीत राहिले ते पोक्त, भरड आवाजाचे. खानावळीच्या बायका उधारीवर जेवू घालत होत्या, तिथे पान बदलायला पैसे कोण मागणार? म्हणून बुवांनी (मुख्य गायकाने) षड्ज पांढरी एकला आणला आणि पखवाज होता तिथेच, पांढरी चारला, ठेवला. पांढरी एकला सा धरला की त्याचा मध्यम, म्हणजे ‘म’, तोच पांढरी चार. आबा सांगतात, त्या वर्षी बिदागी कोणी द्यायचं नाही आणि हे मागायचे नाहीत. नारळ आणि चहावर रात्रभर भजन व्हायचं, कारण घरी बसून माणूस खचत होता. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. यांचं भजनही थांबलं नाही.

तर, पखवाज मध्यमात. त्याच रात्री लावून पाहिलं. भीमपलासाच्या चालीतला अभंग घेतला आणि काय सांगू, पहिल्या समेलाच अंगावर काटा आला. पान ताणात, थाप खणखणीत, गळे खाली मोकळे. मालकंस, बागेश्री, केदार, जिथे मध्यम घरचा आहे तिथे हे फारच गोड लागतं. भैरवीतही चालतं.

अडचणी दोन आल्या. आमचा रूपाचा अभंग (विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा) यमनात आहे. तिथे तीव्र मध्यमाशेजारी पखवाजाचा शुद्ध मध्यम सतत टोचतो. भूपातही तेच, मध्यम वर्ज्य असताना तोच कानावर आदळत राहतो. दुसरी अडचण जास्त चिवट. गजर दुगुनीत (दुप्पट लयीत) गेला, पेटीने क्षणभर दम घेतला की कोरस पखवाजाचा मध्यमच षड्ज धरून वर सरकतो. बुवा एका पट्टीत आणि झिलकरी (मागून गाणारा कोरस) दुसऱ्या. मोबाइलवरचा तानपुरा लावून पाहिला, टाळांच्या गजरात तो कुणाला ऐकू जाणार?

शेवटी बैठक बदलली. कोरसचा पहिला धरणारा पखवाजापासून उठवून पेटीच्या भात्याशी बसवला आणि पेटीवाल्याला सांगितलं की गजरात बाकी काही वाजवू नकोस, मंद्र षड्ज दाबून धर, भाता रिकामा पडू देऊ नकोस. परवाच्या तालमीत आख्खा गजर खाली उतरेपर्यंत षड्ज हलला नाही. सगळे एकमेकांकडे बघून हसत होते.

श्रावणातल्या सप्ताहात आमचा पहारा (भजनाची पाळी) रात्री दोनचा आहे. त्यासाठी रूपाचा अभंग केदारात बांधावा असा विचार होता, चालही अर्धी बसली. पण कालच्या पावसात पान अर्ध्या सुरानं उतरलं, गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकताना एक वादी तुटली. गाठ मारून चालवलंय, पहाऱ्याला निघण्याआधी पिवळ्या दिव्याखाली शेकून घेणार.

हे लिहिताना आणखी एक सुचलं. आबांच्या गावच्या घरी माळ्यावर जुन्या पखवाजाचं खोड आहे, संपाआधीचं, तोंड मोठं आहे म्हणतात. गणपतीला आमच्यातले निम्मे कोकणात जाणारच. नवा पखवाज घेण्यापेक्षा त्या खोडावर काळी एकचं पान चढवणं कितीतरी स्वस्त पडेल आणि पखवाज थेट षड्जाला लागल्याने यमनही परत मिळेल. म्हणजे केदारातली चाल एवढ्या घाईने पक्की करायची गरज नाही. पहाऱ्याला रूपाचा अभंग भीमपलासातच उरकू, ती चाल सगळ्यांच्या गळ्यात आहे. खोड फुटकं नसलं म्हणजे झालं, कीड लागली असेल तर आधी तिचा बंदोबस्त.

कणकवली-सावंतवाडीकडे वादीचं काम करणारा, गणपतीनंतर सवडीने पान चढवून देईल असा कारागीर कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा. आबांच्या पुतण्याला तोंडाचं माप घ्यायला सांगितलंय, आलं की टाकतो.