सरपंचबाईंचा रोज

नोव्हेंबर 2023. कापसाची वेचणी ऐन भरात, आणि मी आमच्या सरपंचबाईंना सकाळीच शेतातून तालुक्याला बोलावून घेतलं. तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यातल्या हजार-बाराशे वस्तीच्या एका गावात ग्रामसेवक होतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून नालीचं काम झालं होतं, बिल 2 लाख 80 हजार. ते काढायला आधी माझी डिजिटल सही लागते, मग सरपंचांची. त्यांच्या मोबाइलवर ओटीपी आल्याशिवाय रुपया हलत नाही. गावात नेटची बोंब, म्हणून पंचायत समिती.

बाई एसटीनं आल्या, अर्ध्या तिकिटात. बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडलेली. सर्व्हर बंद. अकरा वाजले, एक वाजला.

"साहेब, आज माहा रोज बुडला," त्या म्हणाल्या. "चाळीस किलो तरी वेचला असता."

किलोला दहा रुपये, म्हणजे चारशे. एवढ्या गावाच्या सरपंचाला तेव्हा मानधन होतं महिना 3000. दिवसाला शंभर. तेही पाच महिन्यांचं थकलेलं. माझा पगार कधी पंधरा तारखेला होतो, पण होतो.

ठेकेदार तिथंच घुटमळत होता. त्यानं चहा-कचोरी मागवली आणि पाचशेची नोट बाईंपुढं सरकवली. "वहिनी, आजचा तुमचा रोज माझ्याकडून." अगदी सहज, घरातल्या माणसासारखा. मी काही बोलायला हवं होतं. मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत बसलो.

बाईंनी नोट कचोरीच्या प्लेटखाली ढकलून दिली. "शाळेजवळची नाली नुसती खोदून ठेवली ना भाऊ, ते कधी बांधता? पोरं पडतेत तिथं."

मोजमाप पुस्तिकेवर इंजिनिअरची सही होती, म्हणून मी जागेवर न जाताच बिल पुढं टाकलं होतं. शेवटचा तीसेक फुटांचा तुकडा बाकी आहे हे मला तिथं, त्या टेबलावर कळलं. साडेतीनला सर्व्हर आला, ओटीपी आला. बाईंनी तो वाचला, माझ्याकडं पाहिलं. "नाही सांगत मी," म्हणाल्या, मोबाइल पिशवीत टाकला आणि चारच्या गाडीनं गेल्या.

आठ दिवसांत तुकडा बांधून झाला. सहीसाठी बाई पुन्हा आल्या, पुन्हा रोज बुडाला. प्रामाणिकपणाचे आठशे रुपये त्यांच्या पदरचे गेले.

पारावर नेहमी ऐकू येतं, गावची सेवा आहे, तिला पैसे कशाला? असं म्हणणाऱ्याची वीस एकर ओलिताची असते. मजुरी करणाऱ्या बाईला आरक्षणानं खुर्ची मिळाली. पण त्या खुर्चीत बसलं की घरची चूल कशी पेटवायची, याची सोय कुणी केली नाही. मग ती सोय करायला ठेकेदार टपलेलाच असतो. मानधन वाढवून माणूस सरळ होत नाही, हे मलाही कळतं. बाई तीन हजारांतही सरळच होत्या. पण सगळ्याच अशा निघतील, या भरवशावर किती दिवस काढायचे?

सप्टेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळानं मानधन दुप्पट केलं. दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला 6000. मी मोठ्या उत्साहानं बाईंना फोन लावला. त्या निंदणाला गेल्या होत्या.

"बरं झालं साहेब," त्या म्हणाल्या. "पण आधीचे कधी येतीन?"