पिस्तुलाच्या राऊंडची घरगुती परीक्षा

राऊंड, म्हणजे काडतूस, फास्ट की स्लो, यावर आमच्या रेंजवर चहा संपला तरी वाद संपत नाही. मी पंचवीस मीटर स्पोर्ट पिस्तूल मारते, आणि माझं मत असं की हा वाद पिस्तूलवाल्यांनी खुशाल रायफलवाल्यांना देऊन टाकावा.

डबीवर छापलेला वेग, साधारण ३३० मीटर प्रति सेकंद, हा रायफलच्या लांब नळीतला. आमच्या पिस्तुलाची नळी नियमाने जास्तीत जास्त १५३ मिलीमीटर. तिच्यातून तशीच गोळी २७५-२९०च्या घरात निघते. एका मित्राचा क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, लावून मी ते पाहिलंय. आता समजा, दोन राऊंडमध्ये १० मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला. पंचवीस मीटरवर गोळी किती खाली-वर जाईल? जेमतेम ३ मिलीमीटर. आणि प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेम धरायच्या फेरीच्या, टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ ५० मिलीमीटरचं! श्वास जरा चुकला तरी माझा हात याच्या कितीतरी पट हलतो. रायफलचं गणित वेगळं. नाशिकला नेमबाजी शिकलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं तेही आमच्यासारख्याच पॉइंट टू टू (.२२) बोअरच्या काडतुसावरच, पण पन्नास मीटरवर. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटर, आणि तेवढ्याच वेगाच्या फरकाने गोळी ८ मिलीमीटरच्या आसपास सरकते. त्यांनी वेगावर जरूर भांडावं.

तरी घरी उद्योग केलाच. घरी म्हणजे फक्त मोजमाप. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये गोळी झाडायचा प्रश्नच नाही. भाऊजींचं सराफ बाजारात दुकान आहे. लायसन्सवरची काडतुसं घेऊन बाजारात हिंडणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी काटाच घरी आणला. एकेक राऊंड तोलत विचारतात, "वहिनी, यात घट किती धरू?"

अख्खा राऊंड भरतो ३.४ ग्रॅमच्या आसपास. त्यात शिशाची गोळी २.६ ग्रॅम, पितळी खोकं, आणि दारू फार तर ०.०८ ग्रॅम. काट्यावर ०.०२चा फरक दिसला, तर तो पितळेचा, शिशाचा की दारूचा, हे कळायला मार्ग नाही. पितळेचा असेल तर काहीच बिघडत नाही. दारूचा असेल तर पाव हिस्सा गायब! म्हणजे वजनाने निवडलेल्या राऊंडवर विश्वास ठेवावा असं त्यात काही नाही. भाऊजींना हे पटलं नाही. त्यांच्या धंद्यात काटा म्हणेल तेच खरं.

खरी परीक्षा रेंजवर. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, त्याच पिस्तुलाने, त्याच सकाळी पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप, आणि टार्गेटवर त्यांची भोकं किती जवळ पडली ते बघायचं. ब्रँड बदलला की सुरुवातीचे काही शॉट मी धरत नाही, कारण नळीत आधीच्या गोळ्यांचं मेण बसलेलं असतं. महाग मॅच राऊंडचा ग्रुप लहान येतो, हे मान्य. पण मधल्या किमतीच्या जर्मन राऊंडचा ग्रुपही दहाच्या वर्तुळात आरामात मावतो. मग जास्तीचे पैसे कशाला?

पैसे लागतात ते राऊंड हटकून उडावा म्हणून. रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट मारायच्या फेरीत, टार्गेट सात सेकंद बंद, तीन सेकंद उघडं. त्या तीन सेकंदांत नुसतं 'टक्' झालं की पुढच्या शॉट्सवरचा जीवही उडतो. या काडतुसात स्फोटक मसाला मागच्या कडेच्या आत फिरवून बसवलेला असतो, आणि पिन त्या कडेवरच आपटते. कडेत एखाद्या ठिकाणी मसाला पोचलाच नसेल तर मिसफायर. सरावात असं झालं की नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, राऊंड काढून पिनची खूण बघायची. खूण खोल असेल आणि थोडा फिरवून लावल्यावर तोच राऊंड उडाला, तर दोष राऊंडचा. खूण फिकट असेल तर आधी पिस्तूल साफ करा, मग कंपनीला शिव्या द्या.

थंडीत आणखी एक भानगड. निफाडकडे पारा पाच-सहावर येतो तेव्हा इकडे नाशिकलाही सकाळी तेल आणि मेण घट्ट होतं. मऊ, म्हणजे कमी जोराचा, राऊंड मग पिस्तुलाची सरकती स्लाईड पुरती मागे ढकलत नाही, रिकामं खोकं अडकतं. उपाय म्हणून काहीजण हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाचे राऊंड भरतात. मी नाही भरत. धक्का वाढतो, पुढच्या शॉटला हात उशिरा जागेवर येतो, आणि स्टँडर्ड राऊंडसाठी बनवलेली स्लाईड उगाच मार खाते. त्यापेक्षा पातळ तेल, तेही थेंबभर.

सध्या सरावाला तो मधला जर्मन राऊंड. स्टेटसाठी, म्हणजे राज्य स्पर्धेसाठी, त्याच्याच ज्या लॉटमध्ये (एकाच वेळी बनलेल्या खेपेत) एकही मिसफायर निघाला नाही, त्याच्या डब्या वेगळ्या काढून वर लॉट नंबर मार्करने ठळक लिहून ठेवल्यात. आणि हो, मारून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका. शिसं बोटांना चिकटलेलं असतं.