अर्धा टक्का कुणाचा?

6 जून 2025 ला रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ज्या व्याजानं ती बँकांना पैसे देते तो दर, एकदम अर्ध्या टक्क्यानं उतरवला आणि टीव्हीवर ‘सर्वसामान्यांना दिलासा’ अशी पट्टी फिरायला लागली. मी गोव्यात डिचोलीच्या बाजारात पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची छोटी बचत, गोळा करतो. माझ्या मशीनमध्ये ज्यांची नावं आहेत त्यांच्यापेक्षा सर्वसामान्य आणखी कोण असणार? त्यातल्या बहुतेकांना दिलाशाचा पत्ताच नव्हता.

सुक्या मासळीवाली मावशीच घ्या. एप्रिल-मेमध्ये लोक पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, सुके बांगडे, सुंगटं भरून ठेवतात, कारण 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. तिचा खरा धंदा तेवढ्या दिवसांतला. माल उचलायला ती दरवर्षी पतसंस्थेतून कर्ज काढते, चौदा टक्क्यांनी, आणि रोजच्या पिग्मीतून ते फेडते. पावती फाडताना तिनं विचारलं, “बाबू, व्याज उतरलं म्हणतात, मग माझं कधी उतरणार रे?”

उतरणार नव्हतंच. ऑक्टोबर 2019 पासून व्यापारी बँकांना नवी फ्लोटिंग (बदलत्या व्याजाची) गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात, आणि निदान तीन महिन्यांतून एकदा व्याज त्याप्रमाणे बदलावं लागतं. पतसंस्थेला हा नियम नाही, सोनेतारण कंपनीलाही नाही. कुळागरातल्या, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेतल्या, पाटासारखं आहे हे. वरच्या माडांना आधी पाणी, खालच्यांना उरलं तर.

वरचा माड म्हणजे आमच्याच वाड्यावरचा एक मुलगा. औषध कंपनीत नोकरी, पर्वरीला फ्लॅट, तीस लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी. फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रेपो 6.50 वरून 5.50 वर आला. साडेआठाचं व्याज साडेसात झालं की असा हप्ता 26,035 वरून 24,168 वर येतो. वाचलेले अठराशे त्यानं एसआयपीत टाकले, म्हणजे दर महिन्याला शेअर बाजाराच्या म्युच्युअल फंडात. शहाणपणाचंच केलं, त्याला मी का बोल लावू? पण स्वस्त पैशाचा फायदा त्याला दोन्हीकडून झाला: हप्ता कमी, आणि दर उतरले की शेअर बाजारालाही बहुतेकदा हुरूप येतो.

हे 2020 मध्ये फार ठळक दिसलं होतं. मार्च ते मे या काळात रेपो 5.15 वरून 4 वर आणला. 23 मार्चला सेन्सेक्स सव्वीस हजारांच्या आसपास आपटला होता, 21 जानेवारी 2021 ला त्यानं पन्नास हजारांना हात लावला. त्याच काळात निवृत्त गुरुजींची वीस लाखांची ठेव सातावरून पाचावर आली. म्हणजे वर्षाला 1,40,000 मिळायचे तिथे एक लाख. 2020-21 ची किरकोळ महागाई होती 6.2 टक्के, म्हणजे व्याजापेक्षा जास्त. गुरुजींनी गणित शिकवलंय, त्यांना काही समजावावं लागलं नाही. एवढंच म्हणाले, “म्हणजे पैसे ठेवायचे मी, आणि भुर्दंडही मीच भरायचा.”

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो अडीच टक्क्यांनी चढला तेव्हा गुरुजींना बरे दिवस आले, पण सावकाश. कर्जाचे दर लगेच चढतात, ठेवींचे मागाहून रांगत येतात. त्या मुलाचा हप्ता बँकेनं तेवढाच ठेवला, वर्षं वाढवली. बऱ्याच जणांना ते स्टेटमेंट बघेपर्यंत कळलंच नाही. मावशीचे चौदा टक्के तेव्हाही चौदाच होते. वाढले नाहीत हे खरं, पण त्यासाठी आभार कुणाचे मानायचे?

रिझर्व्ह बँक मुद्दाम असं करते असं मी म्हणत नाही. रेपो एकच असतो, माणसागणिक वेगळा ठेवता येत नाही. पण पट्टीत ‘सर्वसामान्यांना’ ऐवजी ‘बँकेच्या कर्जदारांना’ लिहायला काय जातं?

5 डिसेंबर 2025 ला रेपो आणखी पाव टक्का उतरून 5.25 झाला. गुरुजींची ठेव त्याच महिन्यात पिकली. त्यांना मी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घालायला सांगितलं: तेव्हा 8.2 टक्के, पाच वर्षं दर तोच, तीस लाखांपर्यंत. (आमच्या शाखेत कळलं तर माझा चहा बंद.) मावशीनंही साठी ओलांडलीय. तिला मात्र मी यातलं काही बोललो नाही. एप्रिलमध्ये माल उचलायचा असतो, पाच वर्षं पैसे अडकवून ती काय करणार?