आमची वाटचाल : लग्नाच्या मांडवातून द्राक्षबागेत

नाशिकच्या पंचवटीतील आमच्या छोट्या फर्मचा सारा व्यवसाय 2020 पर्यंत लग्नाच्या शूटिंगवर चालत असे. टाळेबंदीत लग्नेच थांबली, तेव्हा हाताशी असलेले दोन कॅमेरे घेऊन आम्ही दिंडोरी तालुक्यातील मामांच्या द्राक्षबागेतली कामे चित्रित करून यूट्यूबवर टाकू लागलो.

पहिल्या वर्षी हाताला लागेल ते टाकले. मिसळीच्या व्हिडिओने आलेला प्रेक्षक छाटणी दिसताच निघून जाई, म्हणून मिसळ बंद केली (खाणे चालू आहे) आणि केवळ द्राक्ष हा विषय ठेवला. तरीही दुसरी चूक उरलीच होती. फळे यावीत म्हणून केलेली फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि शेतकरी माहिती शोधतो ती त्याच्या आधी. आमचे एडिटिंग मात्र बागेला पाने फुटल्यावर संपत असे. आता यंदाचे चित्रण आम्ही पुढच्या हंगामासाठी राखून ठेवतो, आणि फळे काढून झाल्यावर एप्रिलमध्ये होणाऱ्या खरड छाटणीलाही हाच नियम लावतो.

प्रेक्षक नेमका कोठे सोडून जातो, हे यूट्यूब स्टुडिओतील आलेख दाखवतो. आमचा फिरता लोगो 12 सेकंदांचा होता आणि आलेख तेथेच कोसळत होता. तो लोगो काढला. आता व्हिडिओ उघडताच वेलीच्या काडीच्या डोळ्यावर (कोंब फुटतो त्या जागी) तो एकसारखा फुटावा म्हणून हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचे पेस्टिंग करणारा, हातमोजा घातलेला हात दिसतो आणि मामा बोलू लागतात. त्यांचा आवाज वाऱ्यात विरू नये म्हणून कॉलर माइकला केसाळ टोपी घातली. महागड्या लेन्सपेक्षा या टोपीचा उपयोग अधिक झाला, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी 1000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत व्हिडिओ 4000 तास पाहिले जाणे, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे (छोट्या उभ्या व्हिडिओंचे) 1 कोटी व्ह्यूज लागतात. छाटणी इतक्या छोट्या व्हिडिओत समजावता येत नसल्याने आम्ही तासांचा मार्ग धरला. खरी कमाई मात्र व्हिडिओ पाहून आलेल्या रोपवाटिकांच्या शूटिंगमधून झाली. शेतीची औषधे बनवणाऱ्या एका कंपनीला पैसे देऊन केलेली स्तुती ‘जाहिरात’ असे न सांगता हवी होती. जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा संबंध उघड करावा लागतो, त्यामुळे ते काम आम्ही सोडले.

लग्नाची कामे आजही घेतो, मात्र ऑक्टोबरच्या तारखा देत नाही. तसेही तुळशीच्या लग्नापूर्वी मुहूर्त नसतात, हे आमच्या पथ्यावरच पडले आहे.